वनाच्या पोटांतलें वन

चंद्रपूर शहर सोडून उत्तरेस मोहर्लीच्या रस्त्याला लागलें म्हणजे थोड्याच वेळांत रान सुरू होतें. नागपूर, पुणें, मुंबई येथील कुटुंबें सुटीचा बेत आंखून तेथें जातात, फाटकापाशीं परवाना दाखवून उघड्या जिप्सींतून आंत शिरतात, आणि वाघ दिसला तर कृतार्थ होऊन, न दिसला तर थोडें हिरमुसून परततात. फाटकाच्या आंत आहे तें राखलेलें रान व फाटकाबाहेर आहे तें साधें रान, अशी त्यांची सहजच समजूत होते. ती पुरती खोटी नाहीं. पण त्या फाटकाचा खरा अर्थ तींत सांपडत नाहीं. फाटकाबाहेरचें बहुतेक रानही सरकारीच आहे, त्यालाही कायद्याचें कुंपण आहे, आणि आंतल्या वाघाचें बरेंवाईट पुष्कळदां बाहेरच ठरत असतें. सार्वजनिक वनाच्या पोटांतील एखादा तुकडा विशेष म्हणून वेगळा काढला तर तो संभाळावा कसा, हा प्रश्न समजून घेण्यास ताडोबाइतकें सोयीचें उदाहरण महाराष्ट्रांत दुसरें नाहीं.

प्रथम शब्दांचा घोळ निस्तरला पाहिजे. बोलतांना 'राखीव', 'संरक्षित' आणि 'अभयारण्य' हे शब्द एकमेकांच्या जागीं सर्रास वापरले जातात. कायदा तसें करीत नाहीं. १८७८ च्या आणि त्यानंतर १९२७ च्या भारतीय वन कायद्यानें सरकारी रानाचे प्रकार ठरवून दिले. राखीव वनांत ज्याची परवानगी नाहीं तें सर्व मना. संरक्षित वनांत ज्याची मनाई नाहीं तें सर्व मोकळें. मराठी कानाला 'संरक्षित' हा शब्द अधिक कडक वाटतो, पण कायद्याच्या पोथींत तोच अधिक सौम्य आहे! तिसरा प्रकार ग्रामवनाचा. तो बहुतेक ठिकाणीं कागदावरच राहिला. या साऱ्या रचनेचा मूळ हेतु लांकडाचा पुरवठा व सरकारी उत्पन्न हा होता. वन्य प्राण्यांचा स्वतंत्र विचार करणारा देशव्यापी कायदा १९७२ सालीं झाला. त्यानें राखीव वनाच्या अंगावर आणखी एक पांघरूण घातलें. अभयारण्य झालें तर गांवकऱ्यांचे कांहीं हक्क जिल्हाधिकाऱ्याच्या चौकशीनंतर चालूं ठेवतां येतात व परवानगीनें गुरेंही चारतां येतात. राष्ट्रीय उद्यान झालें तर हक्क उरत नाहींत आणि गुरांना मज्जाव होतो. २००६ च्या दुरुस्तीनें व्याघ्र प्रकल्पालाही याच कायद्यांत स्थान मिळालें आणि त्याचे दोन भाग ठरले : मध्यें गाभा, आणि गाभ्याभोंवतीं बफर क्षेत्र. अशा रीतीनें एकाच सागाच्या झाडावर दोनतीन निरनिराळ्या कायदेशीर घोषणांची सावली एकाच वेळीं पडलेली असते.

ताडोबाला हें नांव तारू या देवावरून पडलें असें मानितात. वाघाशीं झुंजतांना मेलेला हा एका गांवाचा प्रमुख होता, अशी तेथील गोंड लोकांची कथा आहे. त्याचें देऊळ तळ्याच्या कांठीं झाडाखालीं असून पौष महिन्यांत तेथें जत्रा भरत असे. रानांतील रस्त्याच्या कडेला ओळीनें दगडी खांब उभे आहेत. गोंड राजांच्या काळीं त्यांवरून दोर ओढून निरोप पोंचवीत असत, असें सांगतात. हें रान माणसावांचून कधींच नव्हतें, एवढें ध्यानांत यावें म्हणून हा उल्लेख.

१९३५ सालीं या भागांत शिकारीची बंदी झाली. १९५५ सालीं तळ्याभोंवतींचें ११६·५५ चौरस किलोमीटर रान राष्ट्रीय उद्यान झालें. त्या वेळीं चांदा जिल्हा मध्यप्रदेशांत होता आणि कायदाही त्याच राज्याचा होता. पुढच्याच वर्षीं राज्यपुनर्रचनेंत जिल्हा मुंबई राज्यांत आला व उद्यान आपसूकच आपल्याकडे आलें. १९८६ सालीं लगतचें सुमारे ५०९ चौरस किलोमीटर रान अंधारी नदीच्या नांवानें अभयारण्य झालें. १९९५ सालीं दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला; तोच सुमारे ६२५ चौरस किलोमीटरांचा आजचा गाभा होय. २०१० सालीं त्याभोंवतीं सुमारे ११०० चौरस किलोमीटरांचें बफर क्षेत्र जाहीर झालें. तळ्याच्या कांठापासून निघालेली रेषा पाऊणशे वर्षें बाहेर बाहेर सरकत गेली. याचें कारण सरकारी हौस नव्हे. आंतला भाग कितीही कडक राखला तरी तो एकटा तगत नाहीं, हें दर वेळीं नव्यानें अनुभवास आलें म्हणून रेषा सरकली. स्वयंपाकघराचें सोंवळें ओटी-पडवीच्या स्वच्छतेवर अवलंबून असतें, तसाच हा प्रकार आहे.

आतां आंतल्या भागाची व्यवस्था पाहूं. साध्या सरकारी रानाचा कारभार कार्य आयोजनेप्रमाणें चालतो. रानाचे क्रमांक दिलेले कक्ष पाडलेले असतात. कोणत्या वर्षीं कोणत्या कुपांत तोड करावयाची, बांबू केव्हां काढावयाचा, रोपण कोठें करावयाचें, हें पुष्कळ वर्षें अगोदर लिहून ठेविलेलें असतें. तुकडा विशेष म्हणून वेगळा झाला कीं हा क्रम थांबतो. २००० सालच्या फेब्रुवारींत सर्वोच्च न्यायालयानें राष्ट्रीय उद्यानें व अभयारण्यें यांतून वाळलेलीं, पडलेलीं झाडें व गवतसुद्धां काढून नेण्यास मनाई केली. काटकसरी गृहस्थाला हें चमत्कारिक वाटेल. वादळानें पडलेला साग कुजूं द्यावयाचा, तो विकून चार पैसे करावयाचे नाहींत, हा कसला कारभार? परंतु त्या ओंडक्यांत वाळवी व भुंगे होतात, त्यांवर सुतारपक्षी व अस्वल पोट भरतात, आणि उरलेलें सर्व मातीस मिळून पुढच्या झाडाच्या कामीं येतें. वनाधिकाऱ्याच्या शिक्षणांत लांकूड वाढविण्याची व काढण्याची विद्या फार मोठी. येथें त्याला ती विद्या आवरून धरावी लागते. गाभ्याच्या व्यवस्थेंतील सर्वांत कठीण भाग बहुधा हाच असेल.

तथापि हात जोडून बसतां येत नाहीं, याचें पहिलें कारण म्हणजे वणवा. महाराष्ट्रांत १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरितात. ताडोबाचें रान पानगळीचें. माघ-फाल्गुनांत जमिनीवर सागाच्या व बांबूच्या पानांचा थर पडतो आणि तो कागदासारखा पेटतो. म्हणून हंगामाच्या आधींच जाळरेषा तयार करितात. रुंद पट्ट्यांतील गवत-पाला कापून, वाळवून, माणसें उभीं करून तो मुद्दाम जाळतात, म्हणजे पुढें लागलेली आग त्या उघड्या पट्ट्यापाशीं अडते. हे वणवे आपोआप क्वचितच लागतात. मोहाचीं फुलें वेंचतांना तीं पाचोळ्यांत हरवूं नयेत म्हणून झाडाखालचा पाला जाळला जातो. आगीनंतर तेंदूला चांगली पालवी फुटते अशी समजूत असल्यानेंही आग लावली जाते. म्हणजे आग गाभ्यांत शिरते ती पुष्कळदां बाहेरून, आणि तीही कोणाच्या दुष्टाव्यानें नव्हे, पोटासाठीं. जाळरेषेनें आग अडेल. तिचें कारण जाळरेषेनें जाणार नाहीं.

पाण्याची गोष्ट याहून नाजूक आहे. वैशाखांत नाले आटतात आणि जनावरें उरल्यासुरल्या पाणवठ्यांवर गोळा होतात. तेव्हां विंधनविहिरींना सौर पंप लावून टांकीं भरणें हें पुण्यकर्म वाटतें आणि फोटोंतही तें छान दिसतें. परंतु दर कोसावर पाणी ठेवलें तर उन्हाळ्यांत पांगणारीं जनावरें पांगत नाहींत, एकाच जागचें गवत ओरबाडलें जातें, आणि रोग पसरण्यासही सोय होते. पाणी कोठें द्यावें यापेक्षां कोठें देऊं नये, हें ठरविण्यास अधिक विचार लागतो.

गवताचेंही तसेंच. चितळें, सांबर, गवे यांवर वाघ जगतो आणि तीं गवतावर जगतात. ताडोबाच्या गाभ्यांत पूर्वीं सहा गांवें होतीं. बोटेझरी व कोळसा गांवाचा कांहीं भाग यांपासून २००७ च्या सुमारास स्थलांतर सुरू झालें. पुढें नवेगांव, जामणी यांचीही पाळी आली. जेथें एके काळीं घरें व भाताचीं खाचरें होतीं तेथें आतां कुरण आहे आणि तेथेंच प्रवाशांना चितळांचे मोठमोठे कळप दिसतात. हीं कुरणेंही आपोआप टिकत नाहींत. घाणेरी, रानतुळस यांसारखीं तणें बीं धरण्यापूर्वीं उपटावीं लागतात.

या कुरणांकडे पाहतांना तीं कोणाच्या अंगणांत उगवलीं आहेत याचें विस्मरण होऊं नये. कायद्याप्रमाणें स्थलांतर ऐच्छिक असलें पाहिजे आणि ग्रामसभेची समजून-उमजून दिलेली संमति त्याला हवी. मदतीची रक्कम केंद्र सरकारनें २००८ मध्यें दर कुटुंबास १० लाख रुपये ठरविली व २०२१ मध्यें ती १५ लाख केली. रोख पैसे घ्यावे कीं जमीन-घर घ्यावें, हें कुटुंबानें ठरवावयाचें. शाळा, दवाखाना, रस्ता यांच्या जवळ जावें असें पुष्कळांना मनापासून वाटतें, हेंही खरें आहे. परंतु ज्याला मोहाचें झाड, नदींतला मासा व देवाची जागा एका हांकेवर होती, त्याला त्याचा मोबदला रुपयांत सांगणें ही गणितांतली नव्हे, न्यायांतली अडचण आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानें आदिवासी व इतर वननिवासी यांचे पूर्वापार हक्क मान्य केले. त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें गाभा निर्वेध राखण्याचें बंधन घातलें. दोन्ही कायदे एकाच संसदेनें एकाच वर्षांत केले आहेत, आणि त्या दोहोंची सांगड घालणें हें रानांतल्या अधिकाऱ्याच्या गळ्यांत येऊन पडलें आहे.

राखणीचा खरा भार मात्र अधिकाऱ्यापेक्षां वनरक्षकावर असतो. रानाचे परिक्षेत्र, परिक्षेत्राचीं वर्तुळें, आणि वर्तुळाचीं नियतक्षेत्रें असे भाग असतात. नियतक्षेत्र हें एका वनरक्षकाचें. त्यानें अथवा तिनें तें रोज पायीं फिरावयाचें, तार-फांसे लावले आहेत का पाहावयाचें, ठसे व विष्ठा यांची नोंद मोबाइलवर करावयाची. वाघांची मोजणी पूर्वीं पाऊलठशांवरून होत असे. आतां २ चौरस किलोमीटरच्या दर चौकटींत समोरासमोर दोन कॅमेरे लावून वाघाच्या दोन्ही कुशींचें छायाचित्र घेतात, कारण कुशीवरचे पट्टे कोणत्याही दोन वाघांचे सारखे नसतात. परंतु कॅमेऱ्याच्या आधीं पायीं खुणा शोधाव्याच लागतात. २०२१ च्या नोव्हेंबरांत कोलारा परिक्षेत्राच्या गाभ्यांत एक महिला वनरक्षक वनमजुरांसह अशाच कामावर निघाली असतां वाटेवर वाघीण बसलेली दिसली. कांहीं वेळ थांबून त्यांनीं रानांतून वळसा घेण्याचा प्रयत्न केला. वाघिणीनें पाठलाग करून त्या वनरक्षक बाईंस ठार केलें. नकाशावर हिरव्या रंगाची एक रेघ काढणें आणि ती रेघ रोज पायांखालीं घालणें, यांतील अंतर यावरून कळावें.

आतां रेषेच्या बाहेर येऊं, कारण कठीण प्रश्न तेथेंच आहेत. बफर क्षेत्रांत पाऊणशेच्या वर गांवें आहेत. तेथें शेती आहे, गुरें आहेत, मध्यप्रांताच्या काळापासून चालत आलेले निस्तार हक्क आहेत. म्हणजे घरखर्चापुरतें सरपण, गवत, बांबू आणण्याची मुभा. टोपल्या-सुपें विणणारे बुरूड याच बांबूवर पोट भरतात. कायद्याच्या भाषेंत बफरचा हेतु माणूस व वन्य प्राणी यांचें सहजीवन हा आहे. शब्द गोड आहे. त्याचा अर्थ चैत्रांतल्या पहांटे कळतो. मोहाचीं फुलें रात्रीं गळतात आणि ऊन चढण्यापूर्वीं वेंचावीं लागतात. बायका, म्हातारीं माणसें अंधुक उजेडांत झाडाखालीं वाकून बसतात. नेमकी हीच वेळ वाघाच्या हिंडण्याची, आणि वाकलेला माणूस त्याला माणसासारखा दिसत नाहीं असें जाणकार म्हणतात. वैशाखांत तेंदूपत्ता निघतो. ७० पानांचा एक पुडा, अशा शेंकडों पुड्यांवर घरांतलें बियाणें, लुगडें, शाळेची फी अवलंबून असते. 'जंगलांत जाऊं नका' असा फलक लावणें सोपें आहे. ज्या घरीं वर्षाचा रोख पैसा त्याच पंधरवड्यांत येतो त्या घरानें तो फलक कसा वाचावा, याचा विचार फलक लिहिणारानें केला पाहिजे.

म्हणून बफरच्या व्यवस्थेंत पोलिसी कामापेक्षां संसारी काम अधिक असतें. राज्य सरकारनें २०१५ पासून डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी यांच्या नांवानें जन-वन विकास योजना चालविली, तींत अशा गांवांतील घरांना स्वयंपाकाचा गॅस, सुधारलेलें पशुधन वगैरे देण्याची तरतूद आहे. सरपणाची एक फेरी वांचली तर धोक्याची एक फेरी वांचते, हा त्यांतला सरळ हिशेब. मात्र शेगडी फुकट मिळाली तरी पुढची टांकी भरण्यास पैसा लागतो, आणि तो नसला कीं कुऱ्हाड पुन्हां खांद्यावर येते. मोहाच्या झाडाखालीं जाळें बांधून फुलें वरच्या वर झेलण्याची एक साधी युक्ति आहे. तिच्यानें पाला जाळावा लागत नाहीं, पहांटे वाकून बसावें लागत नाहीं, आणि फूलही स्वच्छ राहून त्याला भाव बरा येतो. वणव्याविरुद्धच्या मोठमोठ्या योजनांपेक्षां अशा जाळ्याचा उपयोग अधिक व्हावा, असें वाटल्यावांचून राहात नाहीं.

वाघानें माणूस मारला तर कुटुंबास मदत मिळते. २०२३ पासून महाराष्ट्रांत ती २५ लाख रुपये आहे. गाय-बैल मारला तर त्याचीही भरपाई आहे. येथें रकमेइतकेंच महत्त्व वेळेला आहे. मेलेल्या बैलाचा पंचनामा दोन दिवसांत झाला आणि पैसे लवकर हातीं पडले, तर मालक गप्प बसतो. महिने लागले तर त्या बैलाच्या उरलेल्या धडांत विष कालवलें जाण्याचा संभव असतो, आणि परत आलेला वाघ तेथेंच आडवा होतो. कारकुनाच्या मेजावर अडकलेला कागद अशा प्रकारें वाघाच्या जिवावर बेतूं शकतो.

वाघ तरी रेषेबाहेर येतो कशाला? याचें उत्तर गाभा चांगला राखला गेला यांतच आहे. बच्चा दोन वर्षांच्या सुमाराचा झाला म्हणजे आईचा मुलूख सोडतो. गाभ्यांतील जागा थोरांनीं व्यापलेली असते. तरुण नर बाहेर पडतो आणि शेतें, रस्ते, कालवे ओलांडीत नवी जागा शोधतो. त्याला कोणत्या कक्षाला कोणतें कलम लागूं आहे तें ठाऊक नसतें. ब्रह्मपुरी विभागाच्या साध्या, लांकूड-बांबूसाठीं राखलेल्या रानांत वाघांची चांगली वस्ती झाली आहे ती यामुळेंच; त्यांतील घोडाझरीचा भाग २०१८ सालीं अभयारण्य झाला. २०२२ च्या गणनेंत महाराष्ट्रांत ४४४ वाघ आढळले, त्यांत चंद्रपूर जिल्ह्याचा वांटा फार मोठा. वाघांस उचलून दुसरीकडे नेण्याचे प्रयोगही झाले. २०२४ च्या अखेरीस ताडोबाकडील दोन वाघिणी ओडिशांतील सिमलीपालास पाठविल्या. तेथील थोड्याशा वाघांत जवळचें रक्त फार मिसळलें होतें, तें बदलावें हा उद्देश. परंतु उचलून नेणें हा उपचार झाला, पथ्य नव्हे. पथ्य म्हणजे एका रानांतून दुसऱ्या रानांत चालत जाण्याची वाट मोकळी ठेवणें. या जिल्ह्यांत जमिनीखालीं कोळसा आहे, वर वीजकेंद्र आहे, आणि वाघाची वाट बहुधा त्याच जमिनीवरून जाते. ती वाट ज्या रानांतून जाते तें अभयारण्यही नसतें, उद्यानही नसतें. म्हणून ती तुटतांना फारसा गवगवा होत नाहीं.

प्रवाशांविषयीं थोडें. २०१२ च्या जुलैंत सर्वोच्च न्यायालयानें गाभ्यांतील पर्यटन कांहीं काळ थांबविलें; ऑक्टोबरांत नियम ठरून तें पुन्हां सुरू झालें. गाभ्याच्या पांचव्या हिश्शापलीकडे पर्यटन जाऊं नये, हा त्यांतला मुख्य नियम. पावसाळ्याचे तीन महिने ताडोबाचा गाभा प्रवाशांना बंद असतो. बफरमध्येंही आतां आगरझरी, देवाडा, जुनोना यांसारखीं फाटकें झालीं असून तेथें वाटाडे व गाडीवाले आसपासच्या गांवचेच आहेत. हें चांगलें आहे, पण सर्वांना पुरणारें नाहीं. फाटकाजवळच्या गांवांत वाघ पैसा आणतो. फाटकापासून दूर असलेल्या गांवांत तोच वाघ केवळ बैल नेतो. प्रवाशाच्या तिकिटांतला वांटा या दुसऱ्या गांवांपर्यंत कसा पोंचवावा, हें अजून समाधानकारक रीतीनें सुटलेलें नाहीं, आणि तें सुटेपर्यंत जुनोना येथील वाटाड्याचा वाघ व दूरच्या पाड्यावरील गुराख्याचा वाघ हे दोन निराळे प्राणी राहणार.

मोहर्लीजवळ सीतारामपेठ नांवाचें लहानसें गांव आहे. तेथें गांवाच्या रानाकडील बाजूस कॅमेऱ्यांची एक रांग बसविली आहे. वाघ किंवा बिबट्या त्या रांगेपुढें आला तर यंत्र त्याला ओळखतें आणि इशारा देतें. ज्या गांवांत असें यंत्र नाहीं तेथें गांवच्याच तरुणांचीं प्राथमिक प्रतिसाद दलें उभारलीं आहेत. वाघ शिवारांत आल्याची वर्दी मिळाली कीं त्यांनीं जमाव हटवावयाचा, वनखात्यास कळवावयाचें, आणि खात्याची गाडी येईपर्यंत वाघाला परत जाण्याची बाजू मोकळी ठेवावयाची.